कॅसेट आत जाते, पाच सेकंद चालते आणि थांबते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न साधारण असा असतो: मिनी-डीव्हीचा जुना हँडीकॅम कपाटातून काढला, मुंजीची कॅसेट घातली, प्ले दाबलं. चार-पाच सेकंद चित्र आलं, मग टेप थांबली आणि पडद्यावर सी:३१:२२ किंवा सी:३१:२३ असं लुकलुकू लागलं. बॅटरी काढून घातली की पुन्हा चालू, पुन्हा तेच. क्लीनिंग कॅसेटही फिरवून झाली. हेड गेलं का?

हेडचा, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाचा, बहुधा काही संबंध नसतो. हेडवर घाण बसली तर टेप चालत राहते, बिघडतं ते चित्र. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत एका फ्रेमचे १२ ट्रॅक (टेपवरच्या तिरक्या रेघा) दोन हेड आळीपाळीने वाचतात. त्यातलं एक बुजलं की आडवे पट्टे दिसतात, एक पट्टा हलता, त्याखालचा गोठलेला. सोनीने त्यासाठी सी:२२ हा वेगळा कोड ठेवला आहे. सी:२१ म्हणजे आत दव धरलंय: कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, तासभर थांबा. ३१ ने सुरू होणारे कोड मात्र टेप ओढणाऱ्या यंत्रणेचे. त्यात शेवटी २२ म्हणजे टेप गुंडाळून घेणाऱ्या रिळाची तक्रार, शेवटी २३ म्हणजे टेप सोडणाऱ्या रिळाची.

आत काय चालतं ते थोडक्यात. टेप ओढण्याचं काम रीळ करत नाही. कॅपस्टनचा बारीक दांडा आणि त्याला टेकलेला रबरी पिंच रोलर टेपला सेकंदाला १८.८ मिलिमीटर पुढे सरकवतात. आलेली टेप रिळाने फक्त गुंडाळायची. ते फिरतंय की नाही याची खबर सेन्सर ठोक्यांच्या रूपात देतो. ठोके बंद झाले की कॅमेरा काही सेकंद वाट बघून थांबतो, आणि तेच बरं, कारण रीळ अडलं असेल तर पाच सेकंदांत नऊ सेंटिमीटर टेप आत सांडलेली असते. बॅटरी काढल्याने फक्त कोड पुसला जातो. अडलेलं रीळ अडलेलंच राहतं, म्हणून दोष परत येतो.

कोडवरून एवढंच कळतं की ठोके आले नाहीत. रीळ खरोखर थांबलं, की फिरत असूनही सेन्सरला दिसलं नाही, हे आपल्याला शोधायचं आहे. त्यासाठी कॅमेरा उघडावा लागत नाही. काही महत्त्वाचं नसलेली ६० मिनिटांची कॅसेट घ्या. (मुंजीची नको. ८० मिनिटांचीही नको, तिची टेप पातळ असते.) प्ले करा, कोड येऊ द्या, कॅसेट बाहेर घ्या आणि पुढची पट्टी उचलून बघा. टेपचा सैल वेढा लोंबत असेल, कडा चुरगळल्या असतील, तर रीळ खरंच फिरलं नाही. टेप घट्ट आणि नीट गुंडाळलेली असेल तर संशय सेन्सरवर. तिथे धूळ बसलेली असते किंवा त्याची रिबन केबल सैल झालेली असते.

मग फास्ट फॉरवर्ड आणि रिवाइंड करून बघा. दोन्ही व्यवस्थित चालतात आणि फक्त प्लेमध्येच थांबतं, तर रिळाखालचा घसरता क्लच कमजोर झालाय. बऱ्याच यंत्रणांमध्ये जलद फिरवताना रिळाला पूर्ण जोर मिळतो, प्लेमध्ये मात्र या क्लचमधून हलकीच ओढ मिळते, आणि झिजलेला क्लच तेवढीही देत नाही. प्लेमध्येही आणि जलद फिरवतानाही अडत असेल तर कॅपस्टन मोटरकडून रिळाकडे जाणारा दात्यांचा छोटा पट्टा, डावी-उजवीकडे झुलणारा गिअर किंवा वाळलेलं ग्रीस बघावं लागेल. थंडीच्या सकाळी अडतं आणि अर्ध्या तासाने, यंत्र तापल्यावर चालतं, तर ग्रीसच धरून चला.

क्लीनिंग कॅसेट का चालली नाही, तेही यातच आलं. ती हेड घासते, रिळाच्या यंत्रणेला हात लावत नाही. शिवाय कोरडी क्लीनिंग कॅसेट हेडवर बारीक पॉलिश पेपरचंच काम करते. एका वेळी दहा सेकंद पुरे. दहा-दहा वेळा फिरवली तर हेड झिजेल आणि मूळ दोष जागेवरच राहील.

कॅमेरा उघडायचाच असेल तर: बॅटरी आणि अडॅप्टर आधी काढा. फोटोसाठी फ्लॅश असलेल्या मॉडेलमध्ये फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही झटका देतो, त्या बाजूला बोट नको. स्क्रू निघतील तसे कागदावर जागेसकट चिकटवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या भागावर टेकतो. पिंच रोलर चकचकीत दिसत असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कॅपस्टनचा दांडाही तसाच. ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, कापसाची काडी लावू नका, तंतू हेडच्या टोकात अडकतात. जुनं ग्रीस पूर्ण पुसून टाचणीच्या डोक्याएवढं नवं, प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस फक्त सरकत्या भागांवर द्या. गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा आत कधीच नको, तो रोलरवर गेला की खेळ संपला.

एक फसवी गोष्ट. टेपचं टोक आलं हे कॅमेरा प्रकाशावरून ओळखतो, कारण टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. उघडं यंत्र टेबललॅम्पच्या झोतात चालवलं तर टेप संपल्याचा भास होऊन ते विनाकारण थांबतं. चाचणीच्या वेळी सावली करा.

कॅसेट आत अडकली तर ओढू नका. टेप ड्रमभोवती नेणाऱ्या लोडिंग मोटरचा मळसूत्री गिअर बोटाने किंवा चिमट्याने फिरवत टेप ड्रमवरून सोडवा, सैल टेप रिळावर गुंडाळा, मगच ट्रे वर घ्या. आणि ट्रे बंद करताना त्यावर जिथे पुश लिहिलंय तिथेच दाबा. तो आपोआप खाली गेल्यावर बाहेरचं झाकण लावा. झाकणाने ट्रे रेटल्यामुळे वाकलेले ट्रे सर्रास दिसतात.

दोष एकाच कॅसेटला येत असेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका. ती आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवा. तरी अडली तर टेप दुसऱ्या चांगल्या डबीत बसवता येते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या कॅसेटमध्ये मात्र आधी खिडकीतून बघा. टेपच्या कडेवर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, आणि अशी कॅसेट चालवली की बुरशी ड्रमवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

क्लच किंवा गिअर गेला असेल तर नवा सुटा भाग शोधण्यापेक्षा तीच यंत्रणा असलेला, दुसऱ्याच कारणाने बंद पडलेला कॅमेरा विकत घेणं बरं. आणि यंत्र एकदा चालू झालं की पहिल्याच दिवशी फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी डिजिटल केबल) सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. एलपीमध्ये, म्हणजे जास्त वेळ मावण्यासाठी टेप संथ चालवून, केलेल्या कॅसेटना पहिला नंबर द्या. त्यातला ट्रॅक नेहमीच्या वेगाच्या, म्हणजे एसपीच्या, १० मायक्रॉनऐवजी जेमतेम ६.७ मायक्रॉन रुंद असतो, त्यामुळे त्या कॅसेट ज्या कॅमेऱ्यात भरल्या त्याच कॅमेऱ्यात धड चालतात, दुसऱ्यात बऱ्याचदा चालत नाहीत.