‘चार्ज’ म्हणजे काय चढवलं आणि कुणावर?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ‘चार्ज किती टाकला?’ असं विचारलं, तर उत्तर किलोत येतं. जमिनीच्या व्यवहारात ‘चार्ज आहे का?’ विचारलं, तर बँकेचं किंवा सोसायटीचं नाव सांगतात. शब्द तोच आहे. मराठीत लिहिताना मात्र दोन्हीकडे एकच प्रतिशब्द टाकता येत नाही. आपल्या भागातल्या फलकांवर आणि पत्रकांत ‘चार्ज’ दिसला की सरसकट ‘शुल्क’ लिहिण्याची सवय पडलीय. ती मोडावी, म्हणून हा प्रपंच.

मुळाशी गाडी आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी आणि ‘कारिकारे’ म्हणजे गाडीत माल भरणं. फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आला. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. म्हणजे मूळ अर्थ लादणं, भरणं. आपल्याकडे ‘भार’ हेच काम करतो: पदभार, कार्यभार, विद्युतभार. म्हणून ‘चार्ज’ समोर आला की आधी विचारावं, काय चढवलंय आणि कुणावर?

मूळ अर्थ सगळ्यांत शाबूत राहिलाय तो फौंड्रीत. तिथे चार्ज म्हणजे भट्टीत भरायचा माल. क्युपोला या उभ्या भट्टीत तळाला कोकचा (भाजलेल्या दगडी कोळशाचा) थर पेटवून लाल करतात, मग वरून धातू, कोक आणि चुनखडीचे थर आळीपाळीने टाकतात. ढोबळ प्रमाण म्हणजे आठ ते दहा किलो धातूला एक किलो कोक, आणि कोकच्या वजनाच्या साधारण पाव भाग चुनखडी. चुनखडी कमी पडली की मळी, म्हणजे रसावर येणारा मळ, घट्ट होते आणि नीट वाहत नाही. विजेच्या इंडक्शन भट्टीत पिग (कच्च्या लोखंडाचे ठोकळे), पोलादी भंगार, रनर-रायझरचे (साच्यात रस जायच्या वाटांत थिजलेले) परतीचे तुकडे, वर हिशेबाने कार्बन आणि फेरोसिलिकॉन. इथे चूक महागात पडते. ओलं भंगार वितळलेल्या धातूच्या रसाखाली गेलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उसळतो. लांब तुकडे आडवे अडकले तर वर पूल तयार होतो. वरचा माल खाली येत नाही, खालचा रस मात्र तापत जाऊन भट्टीचं अस्तर खातो. या चार्जला मराठी शब्द हवाच असेल तर ‘भरण’ चालेल. पण भट्टीवरचा माणूस ‘चार्ज’ म्हणतो, आणि सुरक्षेची सूचना त्याच्यासाठी लिहायची असेल तर तिथे ‘चार्ज’च लिहावं.

बॅटरीचं थोडं वेगळं आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला चार्ज म्हणजे विद्युतभार किंवा विद्युतप्रभार, एकक कूलोम. आपण मोबाइल ‘चार्ज’ करतो तेव्हा बॅटरीत जादा विद्युतभार साचत नाही. तिचा एकूण भार शून्यच राहतो, साठते ती रासायनिक रूपातली ऊर्जा. त्यामुळे ‘बॅटरीत विद्युतभार भरा’ हे भाषांतर चूक. ‘चार्ज करा’ पुरतं. पाण्याच्या ‘रिचार्ज’ला मात्र ‘पुनर्भरण’ हा फार चांगला शब्द मिळालाय.

आता पैसे. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. गिरणीत दळणावळ, शिंप्याकडे शिवणावळ, सराफाकडे घडणावळ, बाजार समितीत हमाली आणि तोलाई. प्रत्येक कामाच्या मोबदल्याला स्वतःचं नाव आहे. ‘मेकिंग चार्ज’ला घडणावळ हा तयार शब्द असताना ‘निर्मिती शुल्क’ का लिहायचं? प्रवासाला भाडं, शाळेला फी, रस्त्याला टोल. ‘शुल्क’ ठेवावं ते अर्ज, परवाना, प्रवेश अशा ठिकाणी.

सीमाभागात शुल्काचा आणखी एक गोंधळ आहे. निपाणीतल्या घराला कर्नाटकातल्या हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल येतं आणि कागलातल्या नातेवाइकाला महावितरणचं. महावितरणच्या बिलात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ असतात, आणि त्यावर ‘वीज शुल्क’ हा कर. घरगुती ग्राहकाला 16 टक्के. कन्नडमध्ये मात्र ‘शुल्क’ म्हणजे आकारच, आणि कराला ‘तेरिगे’ म्हणतात. दोन बिलं शेजारी ठेवून शुल्काशी शुल्क ताडलं तर एकाचा कर आणि दुसऱ्याचा आकार यांची तुलना होते. स्थिर आकाराबद्दलही गैरसमज असतो: तो वापरलेल्या युनिटवर नसतो, म्हणून कुलूपबंद घरालाही येतो.

‘फ्री ऑफ चार्ज’चा सापळा तर याहून मोठा. कन्नडमधला ‘उचित’ म्हणजे मोफत. मराठीतला ‘उचित’ म्हणजे योग्य. ‘उचित प्रवेश’ लिपी बदलून तसाच लिहिला तर मराठी वाचकाला कळतं की प्रवेश योग्य आहे. फुकट आहे हे कळतच नाही. सूचनेत ‘विनामूल्य’ किंवा ‘मोफत’ लिहावं.

जमिनीवरचा चार्ज म्हणजे बोजा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 100 नुसार स्थावर मालमत्ता रकमेच्या फेडीसाठी सुरक्षा म्हणून ठेवली, पण तो व्यवहार गहाण ठरत नसेल, तर तो भार. म्हणून गहाण आणि बोजा एक नव्हेत, आणि सोन्यासारख्या जंगम वस्तूचं ते तारण. कर्नाटकच्या उताऱ्यात 11 व्या रकान्यात इतर हक्क आणि ऋण पाहावं. शिवाय नोंदणी कार्यालयाचा ऋणभाराचा दाखला घ्यावा: व्यवहार नोंदलेले असतील तर नमुना 15, काहीच नसेल तर नमुना 16. उताऱ्यात दिसलेली नोंद दाखल्यात असेलच असं नाही, म्हणून उतारा आणि दाखला दोन्ही पाहायचे. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. फेडीचं पत्र देऊन नोंद कमी करून घ्यावी लागते. आणि हा ‘ऋणभार’ विज्ञानातल्या ऋणभाराशी गल्लत करू नका, तिथे तो इलेक्ट्रॉनवर असतो.

पोलीस-कोर्टाच्या बातमीत तीन टप्पे वेगळे ठेवावेत. फिर्यादीवरून गुन्हा नोंदवला जातो, तो चार्ज नव्हे. तपास संपल्यावर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, ते चार्जशीट. मग न्यायालय आरोप निश्चित करतं, तो खरा चार्ज. पहिल्या टप्प्यावरच ‘आरोप निश्चित’ लिहिलं तर माणसावर अन्याय होतो.

कचेरीत चार्ज म्हणजे पदभार. दुसऱ्याचा तात्पुरता सांभाळणारा प्रभारी. पण कन्नडमधल्या ‘उस्तुवारी सचिव’ला (तिथे सचिव म्हणजे मंत्री) ‘प्रभारी मंत्री’ करू नये, आपल्या वाचकाला ‘पालकमंत्री’ ओळखीचा आहे. इंग्रजी वाचताना एका ‘द’कडेही लक्ष हवं. नर्स ‘इन चार्ज ऑफ’ मूल, म्हणजे नर्सकडे जबाबदारी. मूल ‘इन द चार्ज ऑफ’ नर्स, म्हणजे मूल तिच्या हवाली.

अर्थ ओळखायची हुकमी खूण म्हणजे पुढचा छोटा शब्द. ‘चार्ज विथ’ आला तर आरोप ठेवणं, ‘चार्ज फॉर’ला पैसे आकारणं, ‘चार्ज टू’ला खात्यावर नावे टाकणं किंवा खर्ची टाकणं. ‘चार्ज अ‍ॅट’ असेल तर अंगावर येणं. सैन्य चाल करून जातं, पोलीस लाठीमार करतात, आणि खानापूरच्या रानात गवा अंगावर धावून येतो. तिथे ‘गव्याने हल्ला चढवला’ असं लिहिण्यापेक्षा ‘धावून आला’ बरं: तो धडकलाच असेल असं इंग्रजी शब्दातही नाही.