एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिसचं) निदान आणि घरातले दोन प्रश्न

सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. डोळा फिरवला की दुखायचा, समोर धुकं, आणि लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेट न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. मग मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय, पाठीतून पाणी काढून त्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बहुधा दिसणारे प्रथिनांचे पट्टे) आहेत का ते बघणं, रक्ताच्या एनएमओ आणि मॉग अँटिबॉडी, म्हणजे एमएससारख्याच दिसणाऱ्या दोन वेगळ्या आजारांच्या खुणा. या दोन्ही निगेटिव्ह आल्याशिवाय डॉक्टर आजाराचं नाव घेईनात. एनएमओची सुरुवातही अशीच डोळ्यापासून होऊ शकते, आणि एमएसची काही औषधं त्यात उलटतात. ते रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला पाठीतल्या सुईपेक्षा जड गेले.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार, ठरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला होतं का?" कुणालाच नव्हतं. मला मात्र दोन प्रश्न खात होते: लेकीला होईल का, आणि माझे पाय किती वर्षं साथ देतील?

हे दोन्ही प्रश्न जनुकांचेच, पण उत्तरं वेगवेगळ्या जनुकांत आहेत, हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितलं. आजार होण्याची शक्यता वाढवणारे जनुकीय बदल दोनशेच्या वर सापडलेत, बहुतेक प्रतिकारशक्तीशी संबंधित. त्यांतला सगळ्यांत वजनदार एचएलए-डीआरबी१*१५:०१, प्रतिकारशक्तीच्या एका जनुकाचा प्रकार. तो असला की धोका साधारण तिप्पट. तरीही हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण चारात एकाच्या आसपासच. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत शंभरात दोन-तीन, तेही पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांवरून. बाकीचा भार विषाणू, सिगारेट, ड जीवनसत्त्व यांच्यावर. अमेरिकी सैनिकांवरच्या २०२२ च्या अभ्यासात एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण तो विषाणू बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, त्यामुळे लेकीला त्यापासून लपवून ठेवण्याचा विचार मी सोडून दिला.

आजार किती वेगाने पुढे जाईल, हे मात्र वेगळं. २०२३ मध्ये बावीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ या जनुकांजवळचा एक बदल सापडला. दोन्ही पालकांकडून तो आलेल्यांना चालायला काठीचा आधार सरासरी चारेक वर्षं आधी लागला. हे जनुक प्रतिकारशक्तीपेक्षा मेंदू आणि मज्जारज्जूत जास्त काम करतात. म्हणजे हल्ला करणारे वेगळे, आणि हल्ला सोसायची ताकद ठरवणारे वेगळे.

"मग माझी टेस्ट करा ना," मी म्हटलं. डॉक्टरांनी साफ नकार दिला. अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचा, आणि एकट्या माणसाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. "ते पैसे औषधाला ठेवा," म्हणाले. मला ते तेव्हा तुटक वाटलं, पण पटलं.

लेकीची कसलीही तपासणी केली नाही. माझं हेपॅटायटिस बी तपासून, राहिलेल्या लसी घेऊन रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सलाईनमधून सुरू झालं. सहा महिन्यांनी पुढची सलाईन, वर्षाने एमआरआय. एमआरआयमध्ये मेंदूत किंवा मज्जारज्जूत नवे डाग दिसले तर औषध बदलायचं ठरलंय.