ट्रकचा एअर डॅम काढला, पण कायमचा नाही

शेवटी काल आमच्या पिकअप ट्रकचा पुढचा एअर डॅम काढला. बंपरच्या खाली ती काळी प्लास्टिकची लांब पट्टी लोंबत असते ना, ती. आम्ही राहतो अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्सला. पार्किंगमधल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर ती कर्रर्र करून घासली की जीव वरखाली व्हायचा, पण तेवढ्यासाठी काढली नसती. खरं कारण टिनकप पास, डोंगरातली खिंड. सेंट एल्मो गावाकडून तिकडे चढणारा रस्ता म्हणजे नुसते दगड, खिंड १२,१५४ फुटांवर, आणि यंदा जुलैच्या शेवटी जायचं पक्कं केलंय. अशा चढाला सगळ्यात आधी टेकते ती हीच पट्टी, आणि दगडात अडकली असताना गाडी मागे घेतली की फाटते, वर बंपरची खालची कडही सोबत ओढून नेते.

आप्पा सध्या साताऱ्याहून आलेत. मी पुठ्ठा अंथरून खाली शिरलो तर म्हणाले, "अरे, कंपनीने बसवलंय ते उगाच बसवलंय का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पिकअपचं पोट सपाट नसतं, अ‍ॅक्सल, सायलेन्सरचा पाइप, चासीचे आडवे दांडे, हवा आत शिरली की या सगळ्यावर आपटत जाते आणि गाडी मागे खेचली जाते. पट्टी त्यातली बरीच हवा बाजूला वळवते. शिवाय रेडिएटरच्या मागच्या बाजूला दाब कमी राहतो, त्यामुळे रेडिएटरमधून हवा नीट खेचली जाते, म्हणून उन्हाळ्यात घाटात ट्रेलर ओढायचा असेल तर मी तरी ती काढणार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ३५ मैलांच्या मानाने आय-२५ हायवेवर ७५ ला तो साडेचार पट. २०१९ च्या रॅम १५०० पिकअपला तर ही पट्टी मोटरवर दिली, ३५ मैलांच्या पुढे गेलं की आपोआप अडीच इंच खाली येते. तशी मोटरवाली असेल तर सरळ पाना लावू नका, आधी त्या गाडीचं मॅन्युअल बघा.

माझी साधी, १२ बोल्टची. सात नंबरची गोटी आणि रॅचेट, बास, जॅकसुद्धा लागला नाही. पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, त्याने मधले बोल्ट पांढरे पडून धरले होते. आप्पा म्हणाले जोर लावू नको, आधी तेल पाज. मग डब्ल्यूडी-४० मारून चहा घेतला, आणि परत आल्यावर थोडं आवळून मग सोडवलं तसे ११ निघाले, एकाचं डोकं तुटलं. यू-नट, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या पत्र्याच्या क्लिपा, प्लास्टिकमध्ये नुसते गरागरा फिरायला लागले तर मागून पक्कडीने धरायचे, ते काम आप्पांनी केलं, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस बंपरखाली हात घालून बसला होता.

टेपने मोजलं. आधी जमिनीपासून १० इंच, आता बंपरची कड १५ च्या आसपास. पण याने ट्रक उंच झाला असं समजू नका. पुढच्या चढाला टेकणं टळलं एवढंच, मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला खाली आलेला गोळा, होता तिथेच आहे, दगड त्याच्या हिशोबानेच निवडावा लागणार.

पट्टी गॅरेजमध्ये फळीवर आडवी ठेवलीय, भिंतीला टेकवून ठेवली की वाकते आणि मग भोकं जुळत नाहीत. परत लावताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे धरवायचे, मग आवळायचे, आणि बेतानेच, प्लास्टिक चिरतं. ऑक्टोबरमध्ये आम्हाला हायवेने टेक्सासला जायचंय, त्याआधी बसवणार. बोल्टच्या पिशवीवर आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: पुढची पट्टी, ११ बोल्ट, १ नवा आणणे.