माग थांबला की

आमच्या गल्लीत लाईट गेली की सगळ्यात आधी माझ्या लेकीला कळतं. पंखा अजून शेवटचे दोन-चार फेरे मारत असतो, आई स्वयंपाकघरात काही न कळून मिक्सरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत असते, आणि तेवढ्यात झोळीतून एक हुंकार येतो. मग पाय झाडल्याचा आवाज आणि त्यापाठोपाठ भोंगा. गिरणीचा नव्हे, सोलापुरातले गिरण्यांचे भोंगे कधीच गप्प झाले. हा आमचा घरचा, दहा-अकरा महिन्यांचा, साडेसात किलोचा.

सुरुवातीला वाटलं, उकाड्यानं उठते. वाटणारच. मे महिन्यात 43 अंशांत पंखा थांबला तर मोठी माणसंसुद्धा अशीच रडतील, फक्त त्यांना कुणी कडेवर घेत नाही. पण पावसाळा आला, थंडी आली, पंखा बंद करून खुंटीवरचा स्वेटर काढायचे दिवस आले, तरी लाईट जाताच ही जागी. मग एका दुपारी आईच म्हणाली, "अरे, पंख्याचं काही नाही. माग थांबला की उठतीय ती."

आम्ही अशोक चौकातून आत, पूर्व भागात राहतो. आमच्या मागच्या खोलीला लागून शेजारच्या मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याखाली चार यंत्रमाग. आमच्याकडे दोन माग असले तरी त्याला कारखानाच म्हणतात. मधली भिंत दोघांत एकच. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जाणार, आदळणार, परत येणार. खट-खट, खट-खट, दिवसपाळीत आणि माल अडला तर रात्रीसुद्धा. माझा जन्म याच घरातला, त्यामुळे मला तो आवाज ऐकूच येत नाही. त्याच्यावरून बोलायची सवय तेवढी लागली आहे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात बायकोला वाटायचं, या घरात सारखी भांडणं चालतात. आम्ही फक्त एकमेकांना चहा घेणार का विचारत असायचो.

तिचं माहेर पुण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, तसं ते तिकडेच झालं. तीन महिने ती आणि लेक पुण्यात, आणि मी शनिवार-रविवारचा बाप. बाळाला घेऊन सोलापूरला यायचं ठरलं तेव्हापासून रोज रात्री फोनवर एकच विषय, त्या आवाजात बाळ झोपणार कसं? मी जोशात होतो. खिडकीला दुहेरी काच लावू, भिंतीला फोम चिकटवू, नाहीतर जुळे सोलापुरात भाड्यानं फ्लॅट बघू. पहिल्या दोन्हींचा खर्च काढला. तिसऱ्याचं नाव आईसमोर काढलं आणि दोन दिवस जेवणात मीठ कमी-जास्त होत राहिलं.

शेवटी बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते हसले. "पोटात असताना काय शांतता असते का? आईचं काळीज, रक्ताचा प्रवाह, आतड्यांची गुडगुड. सहाव्या महिन्यापासून बाळ तेच ऐकत असतं. तुम्ही एवढंच करा, कारखान्याच्या भिंतीला लागून झोपवू नका. पुढच्या खोलीत ठेवा." म्हणून आमची झोपायची खोली पुढे आली आणि टीव्ही मागे गेला. मागे टीव्ही ऐकूच येत नाही म्हणून वडिलांनी बातम्या बघणं सोडलं. तब्येत सुधारली त्यांची.

पुण्याहून सोलापूरला आम्ही गाडीनं आलो. साधारण अडीचशे किलोमीटर. एकटा असताना मी हे अंतर साडेचार तासांत काटतो आणि भिगवणला थांबून चिलापी मासाही खातो. त्या दिवशी सात तास लागले. चिलापी नाहीच, खाल्लं ते फक्त लेकीनं, आणि तेही दर दोन तासांनी गाडी कडेला घेऊन, खिडकीला दुपटं अडकवून. तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात यायला हवी होती, पण आली नाही. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे वाटेत चार टोलनाके. फास्टॅग असला तरी प्रत्येक नाक्यावर रांग असतेच. गाडी पळत होती तोवर ही गाढ झोपेत. नाक्यावर थांबली की टक्क डोळे. चारही नाक्यांवर चार वेळा. बायको म्हणाली, "हिला टोल भरायला आवडत नाही." मी म्हणालो, "सोलापूरकर आहे."

घरी पहिल्या दोन रात्री कुणीच झोपलं नाही. तिसऱ्या रात्री मामांची रात्रपाळी होती. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. साडेनऊला माग सुरू झाले आणि पावणेदहाला लेक झोपली ती पहाटे चारपर्यंत. आम्हीच दोघं दर अर्ध्या तासानं उठून तिचा श्वास चालू आहे ना बघत होतो. पहिल्या बाळाच्या आईबापांना झोपेची चैन नसते, बाळ झोपलं तरी नाही.

दिवसा ती झोळीत असते. झोळी आमच्या घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीची, जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर विणलेली, दोन्ही काठांना मोर. नवीन असताना ही चादर पुठ्ठ्यासारखी ताठ असते. पाच-पंचवीस धुण्यांनंतर जी मऊ पडते, ती मग पिढीभर टिकते. याच चादरीत मी झोपलो होतो, असं आई म्हणते. मावशी म्हणते, ती चादर वेगळी होती, निळी. हा वाद मिटलेला नाही. डॉक्टरांचं मत झोळीबद्दल फारसं चांगलं नाही. बाळ सपाट, घट्ट गादीवर उताणंच झोपलेलं बरं, असं ते सांगतात. मग आमच्याकडे तह झाला. रात्री गादी डॉक्टरांची, दुपारी झोळी आईची, पण झोळीपाशी माणूस बसूनच पाहिजे. ते माणूस बहुतेक वेळा मी. दोरी हातात धरून मी हिशेबाची कामं उरकतो. डावा हात झोका देतो, उजवा आकडे टाकतो, आणि कधी कधी दोन्ही हात एकाच लयीत चालू लागतात. त्या दिवशीची बेरीज परत तपासावी लागते.

गंमत म्हणजे, ज्या चादरीनं सोलापूरचं नाव गावोगाव नेलं, जिला भौगोलिक मानांकनही मिळालं, ती आता आमच्या गल्लीत कुणी विणत नाही. बाहेरून येणारी लोकरीसारखी मऊ, चकचकीत ब्लँकेटं स्वस्त पडतात. मामांनीही कधीच टॉवेल धरला. आमची त्यात सोय झाली. लेकीला दिवसाला आठ-नऊ टॉवेल लागतात आणि मामा सेकंडचा माल, म्हणजे काठ वाकडा गेलेला किंवा धागा तुटलेला, गठ्ठ्यानं आणून टाकतात. पैसे दिले तर रागावतात. आमच्या दोरीवर कायम दोन डझन वाकड्या काठाचे टॉवेल वाळत असतात. लांबून बघणाऱ्याला आम्हीही धंदा सुरू केला असं वाटावं.

मामांच्या घरात तेलुगू. त्यांचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथे आले, पूर्व भागातल्या बऱ्याच पद्मशाली घरांसारखेच. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. रोज अकरा वाजता अक्का दारातून डोकावून विचारतात, "पंडिंदा?" म्हणजे झोपली का. एवढ्या मोठ्यानं विचारतात की झोपलेली असली तर उठते. मग त्याच तिला घेऊन बसतात, "बंगारम, बंगारम", म्हणजे सोनं, सोनं करत. पलीकडच्या कन्नड आजी तिला कूस, म्हणजे बाळ म्हणतात, दूधवाले चाचा हिंदीत बोलतात, आई मराठीत दृष्ट काढते. अशानं लेक नेमकी कुठल्या भाषेत बोलायला लागेल याची बायकोला काळजी आहे. मला वाटतं, पहिला शब्द "खट" असणार.

मामांचं मात्र एक आहे. त्यांना ऐकू फार कमी येतं. चाळीस वर्षं मागावर उभं राहिलं की कान जातातच. कारखान्यात आठ तासांची कायदेशीर मर्यादा 90 डेसिबलची, आणि पत्र्याखाली चार माग एकदम चालले की आवाज सहज तिच्यावर जातो. कापसाचे बोळे कानात घालतात, तेवढंच. आमच्या लेकीला एका भिंतीपलीकडून ज्या आवाजानं झोप लागते, त्यानंच भिंतीच्या त्या बाजूला एका माणसाचे कान खाल्ले. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. बाळाच्या कानाची काळजी करता करता सुचलं. त्यानंतर मी मामांना कानावर घालायचे ते हेडफोनसारखे मफ आणून दिले. दोन दिवस घातले त्यांनी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते घातलं की धोटा कुठं अडकला कळत नाही बे." आता ते मफ नातू घालून पायलट होतो.

डिसेंबरात मेहुण्याचं लग्न निघालं. या वेळी मी गाडीचं नाव काढलं नाही. हुतात्मा एक्सप्रेस, सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, चार तासांत पुणे. 1930 च्या आंदोलनानंतर 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार वीरांच्या नावाची ही गाडी. शाळेत त्यांची नावं पाठ होती: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ती मी लेकीला फलाटावर ऐकवली. तिनं माझा चष्मा ओढला.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या बाळाला तिकीट नाही आणि जागाही नाही. बिनतिकीट प्रवाशाचं सामान मात्र पाच डाग. दोघा तिकीटवाल्यांचं मिळून एक. दुपटी, टोपडी, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, नाचणीचं सत्त्व, डायपर, जादा डायपर, आणि आईनं शपथ घालून दिलेली वेखंडाची पुडी. बाळाला घेऊन प्रवास करायचा म्हणजे "लागलं तर" या दोन शब्दांचं ओझं वाहायचं. लागत काहीच नाही. लागतं ते नेमकं घरी राहतं. आमची वाटी-चमचा घरी राहिली होती. समोरच्या सीटवरच्या काकूंनी डब्याचं झाकण धुऊन दिलं आणि त्याबद्दल पुढचा तासभर आम्हाला बाळ कसं सांभाळावं हे सांगितलं. दोन स्टेशनं लेक त्यांच्याच मांडीवर होती. कुर्डुवाडी गेल्यावर ती जी झोपली ती दौंडपर्यंत. दौंडला गाडी थांबली आणि डोळे उघडले. बायकोनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. टोलनाके आठवले.

पुण्यात सासऱ्यांचं घर 11व्या मजल्यावर. काचेची दारं, खाली बाग, आणि रात्री दहानंतर घड्याळाची टिकटिक ऐकू यावी अशी शांतता. जन्मल्यापासून तीन महिने हिनं याच घरात काढले होते, पण ती ते विसरली होती. दहा वाजले, अकरा वाजले, साडेबारा. उद्या हळद. घरात वीस पाहुणे, आणि वीसच्या वीस जणांकडे उपाय. पोटात दुखतंय, ओवा लावा. नजर लागली, मीठ-मोहरी ओवाळा. दात येतायत. नवरदेवानं मोबाइलवर एक ॲप उघडलं, बाळांना झोपवायच्या आवाजांचं. समुद्राची लाट, धबधबा, पाऊस. सोलापूरच्या मुलीला पावसाचा आवाज लावून झोपवणार! तिनं कुतूहलानं ऐकला आणि आणखी जागी झाली.

मग मी आईला फोन लावला. एक वाजला होता. आईनं पहिल्याच रिंगला उचलला, काय झालं म्हणून घाबरलेली. मी म्हणालो, "मामांची रात्रपाळी आहे का?" होती. लग्नसराईचे टॉवेल. "मग फोन मागच्या भिंतीला धर."

मोबाइल उशीपासून हातभर लांब ठेवला. स्पीकरमधून आधी आईच्या बांगड्या वाजल्या, मग चपलांचा फटफटाट, आणि मग तो आवाज. थोडा पत्र्याचा, थोडा चिरका, पण तोच. खट-खट, खट-खट. लेकीनं मान वळवली. मूठ तोंडाकडे नेली. पाच मिनिटांत मूठ सैल पडली. खोलीत कुणी हललं नाही. सासूबाईंनी डोळे पुसले, मेहुण्यानं डोक्याला हात लावला, आणि आम्ही दोघं जिथे बसलो होतो तिथेच आडवे झालो.

जाग आली ती पावणेतीनला, मोबाइलमधून येणाऱ्या बारीक आवाजानं. "अरे, झोपली का ती? हात बदलून बदलून दुखायला लागलेत माझे."

दुसऱ्या रात्रीसाठी मेहुण्यानं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवलं आणि सारखं फिरत राहील असं लावलं. प्रत्येक अर्ध्या मिनिटाला तुकडा संपून पुन्हा सुरू होताना पापणी लवेल एवढी फट पडायची. त्या फटीत लेक डोळे उघडून बघायची. रात्रभर.

लग्न उरकून संध्याकाळच्या हुतात्मानं परत निघालो. सोलापूर आलं तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. रिक्षा गल्लीत शिरली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गल्ली गप्प होती. कारखान्यांची सुट्टी. लेक रिक्षात झोपली होती, दारात इंजिन बंद झालं आणि तिनं डोळे उघडले. मामा कट्ट्यावर बसले होते. मी जोरात ओरडून सगळी हकीकत सांगितली, फोन भिंतीला धरल्याची. त्यांना किती कळली माहीत नाही, पण ते खूप हसले आणि दोन्ही हातांची बोटं दाखवून म्हणाले, "सात. सकाळी सात."

त्या रात्री आम्ही तिला आलटून पालटून खांद्यावर घेतलं. आईनं अंगाई म्हणून पाहिली, वडिलांनी बातम्या वाचून दाखवल्या. साडेपाचला ती माझ्या नाकाशी खेळत होती. सातला भिंतीपलीकडे बटण पडलं, पट्टा फिरला, आणि धोटा निघाला.

ऑफिसमधून फोन आला तेव्हा साडेअकरा झाले होते. तो आईनं घेतला. आम्ही तिघंही झोपलेलो होतो.