आल्कमार ते स्खोर्ल: आजी-आजोबा आणि मुलांसह जंगलातून सायकलफेरी

नेदरलँड्समध्ये सायकल चालवायला दम लागत नाही, असं सांगूनच आम्ही आई-बाबांना तयार केलं होतं. बाबांनी सांगलीत शाळा-कॉलेज सायकलवर केलेलं, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. आई मात्र कित्येक वर्षांनी सायकलवर बसणार होती. त्यात दहा वर्षांचा मुलगा स्वतःच्या सायकलवर आणि पाच वर्षांची धाकटी मागच्या सीटवर. अशा वरातीला झेपेल आणि तरी कंटाळवाणी नसेल, अशी वाट उत्तर हॉलंडमध्ये आहे: आल्कमारहून बेर्खन, तिथून समुद्रावरचं बेर्खन आन झे, मग वाळूच्या टेकड्यांवरच्या पाइनच्या जंगलातून स्खोर्ल आणि परत. सगळं मिळून साधारण 25 ते 30 किलोमीटर. आम्ही सकाळी निघून संध्याकाळी परतलो, मधल्या खाण्यापिण्यासकट.

ॲमस्टरडॅम सेंट्रलहून आल्कमारला ट्रेनने साधारण 40 मिनिटं लागतात. घरच्या सायकली नेणार असाल तर त्यांचं वेगळं दिवसाचं तिकीट काढावं लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळात सायकल डब्यात घेत नाहीत. एवढी माणसं आणि सायकली चढवण्यापेक्षा तिथेच भाड्याने घ्या. स्टेशनवर मिळणारी ओव्ही-फिट्स (रेल्वेची भाड्याची सायकल) स्वस्त पडते, पण या वाटेसाठी घेऊ नका. तिला गिअर नसतात, आणि इथे चढ आहेत. दुकानातून गिअरची सायकल घेतली तर दिवसाला साधारण 10 ते 15 युरो पडतात. आईसाठी आम्ही बॅटरीची सायकल घेतली, तिचे जवळपास दुप्पट. ओळखपत्र जवळ ठेवा.

दुकानातून निघण्याआधी दहा मिनिटं समोरच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारा. इथल्या बऱ्याच सायकलींना पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याकडची सवय अशी की उतारावर सहज पॅडल मागे फिरवायचं. बाबांनी तसं केलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. सीट तर हमखास उंच असते. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी खाली करून मागा, दुकानदार कितीही म्हणाला की अशी चालवली तर गुडघे दुखतील. दुखले तरी चालतील, पडणं नको.

आणि उजवीकडून चालवायचं. वाचायला सोपं वाटतं, पण समोरून कोणी आलं की आपलं माणूस न कळत डावीकडे सरकतं. आम्ही थोरल्याला सर्वांत पुढे ठेवलं, त्याच्यामागे आजी-आजोबा, शेवटी आम्ही. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं आपल्याकडे असली तर थांबून आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम मुलाने आजोबांना शिकवला.

दिशेचं महत्त्वाचं. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून आधी समुद्र गाठायचा आणि मग उत्तरेकडे स्खोर्लला जायचं, म्हणजे चढांचा अवघड टप्पा वारा पाठीशी घेऊन होतो. परतताना स्खोर्ल ते बेर्खन हा रस्ता टेकड्यांच्या आडोशाने जातो, तिथे वारा तितका जाणवत नाही. उलट फिरलात तर चढ आणि वारा दोन्ही समोरून, आणि मागच्या सीटवरून ‘अजून किती?’.

आल्कमार ते बेर्खन सहा-एक किलोमीटर सपाट शेतातून जातं; त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बेर्खन ओलांडलं की मोठ्या झाडांची सावली सुरू होते आणि आणखी पाच-एक किलोमीटरवर समुद्र. बेर्खन आन झे हे 1906 मध्ये वसवलेलं छोटं किनाऱ्याचं गाव. मत्स्यालय आहे, पण ऊन असेल तर मुलं वाळू सोडत नाहीत. आईने आणलेले धपाटे आणि लसणाची चटणी इथेच संपवा, कारण पुढे जंगलात दुकान नाही. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा.

इथून स्खोर्लपर्यंतचा सात-आठ किलोमीटरचा टप्पा, याच्यासाठीच यायचं. देशातल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या इथे आहेत, सुमारे 54 मीटरपर्यंत. सह्याद्रीच्या माणसाला हसू येईल, पण चढ छोटे असले तरी अंगावर येतात. आई बॅटरी लावून वर पोहोचायची आणि तिथून आम्हाला ‘या, या हळूहळू’ म्हणायची. बाबा उतरून सायकल ढकलत आले आणि त्यात कसला कमीपणा नाही. बरेच डच आजोबाही ढकलत होते.

हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. उडती वाळू गावांवर येऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे पाइन लावले. 2009 च्या ऑगस्टमध्ये मोठा वणवा पेटला तेव्हा स्खोर्लमधल्या लोकांना घरं सोडावी लागली होती. पुढच्या दोन वर्षांतही आगी लागल्या. त्यामुळे कोरड्या दिवसांत सिगारेट, स्टोव्ह यांचं नावही काढू नका. मधूनच पाइन संपून उघडी वाळू आणि हीदरची झुडपं लागतात. ऑगस्टअखेर ती जांभळी होतात आणि टेकड्यांवरून नजर हटत नाही. मला मात्र पाइनचाच भाग आवडला: सावली, पायाखाली सुयांचा थर, आणि तापलेल्या राळेचा वास.

सायकल फक्त आखलेल्या मार्गावरच. पायवाटांवर न्यायला मनाई आहे. वाट चुकण्याची भीती नाही: चौकाचौकात हिरव्या आकड्यांच्या पाट्या असतात, आपल्या वाटेवरचे आकडे क्रमाने चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधा. ते काम मुलांना द्या. उतारांवर वळणं आहेत आणि समोरून रेसिंग सायकलवाले सुसाट येतात. जोडीजोडीने चालवू नका. शॉर्ट्स घातले असतील आणि मुलं गवतात लोळली असतील तर घरी गेल्यावर गोचीड तपासा, गुडघ्यामागे आणि काखेत विशेष. गोचीड चावून होणारा लाइम रोग इथे खरोखर होतो.

स्खोर्लमध्ये जंगलाच्या टोकाला 50 मीटरच्या आसपास उंचीची वाळूची घसरगुंडी आहे, थेट गावात उतरणारी. मुलं वर चढून पळत खाली येतात आणि पुन्हा चढतात; तासभर गृहीत धरा आणि कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा. समोरच पॅनकेक मिळतात. शाकाहारींनी बेकनशिवाय सांगायला विसरू नये. आईने सफरचंद आणि दालचिनीचा मागवला, घावनापेक्षा जाड आहे म्हणाली आणि अख्खा संपवला.

स्खोर्लच्या या भागात फिरायला पैसे पडत नाहीत. बेर्खन आन झेच्या दक्षिणेचा भाग मात्र पाणीपुरवठा कंपनीच्या ताब्यात आहे, तिथे आत जायला तिकीट लागतं. तिकडे वळणार असाल तर आधी ऑनलाइन काढून ठेवा.

शुक्रवारी आलात तर उन्हाळ्यात आल्कमारचा चीझबाजार सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो. तो बघून निघालात तर स्खोर्लची घसरगुंडी गडबडीत उरकावी लागते, म्हणून लहान मुलं असतील तर दुसरा वार निवडा. आणि सायकलचं दुकान संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते घेतानाच विचारा. बरीच दुकानं सहाच्या आत दार लावतात.