तुरुंगातला योसेफ
नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये उपासनेला बसले की बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ मला वारंवार आठवतो. १७ वर्षांच्या त्या मुलाला भावांच्या मत्सरापायी चांदीच्या २० नाण्यांना विकले गेले आणि तिसाव्या वर्षी तो फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहिला. मधला सारा काळ गुलामी, त्याचा मालक पोटीफर याच्या पत्नीचा खोटा आरोप आणि कैद यांत गेला. मला सर्वांत जड वाटतात ती, कैदेत ज्याच्या स्वप्नाचा अर्थ त्याने सांगितला होता तो राजाचा प्यालेबरदार सुटल्यावर त्याला विसरून गेल्यानंतरची पूर्ण २ वर्षे, कारण त्या काळात देवाने त्याच्याशी बोलल्याची कोणतीही नोंद नाही. तरीही फारोने स्वप्नाचा अर्थ विचारताच योसेफाने स्वतःकडे श्रेय न घेता आधी देवाचे नाव घेतले, आणि अधिकार मिळाल्यावर सूड न उगवता दुष्काळग्रस्त भावांच्या गोण्या धान्याने भरवल्या.