२० मिलिग्रॅमचा हिशेब

रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून नवनवी औषधे निघाली, हे आपण वारंवार वाचतो. पण एखादे औषध किती थोडे पुरेल हेही त्याच अभ्यासातून कळू शकते, आणि परळसारख्या भागात राहणाऱ्या मला ही बाजू अधिक मोलाची वाटते.

आपल्या टी पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर, पीडी-१ नावाचे प्रथिन असते. त्याला जुळणारा रेणू येऊन चिकटला की टी पेशी हल्ला आवरता घेते. यामुळे एरवी शरीराच्या स्वतःच्या ऊती वाचतात, मात्र कर्करोगाच्या अनेक पेशी हाच रेणू अंगावर मिरवत निसटतात. तासुकु होंजो यांच्या क्योटोतील प्रयोगशाळेने पीडी-१ची माहिती १९९२ साली प्रसिद्ध केली. २०१८चे नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह मिळाले. निवोलुमॅब हे औषध म्हणून दिले जाणारे प्रतिपिंड (ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन) पीडी-१वर आधीच जाऊन बसते आणि कर्करोगाची ही पळवाट बंद करते.

केमोथेरपीत सोसवेल तितका मोठा डोस देण्याची जुनी रीत आहे. प्रतिपिंडांचा हिशेब वेगळा असतो, कारण लोकलच्या डब्यातल्या बाकांप्रमाणे पीडी-१च्या जागा एकदा भरल्या की नंतर आलेल्यांना बसायला जागाच उरत नाही. रुग्णांच्या रक्तातील टी पेशी तपासल्या असता, प्रचलित मात्रेहून कितीतरी कमी औषधातही बहुतेक जागा व्यापलेल्या आढळल्या होत्या.

परळच्याच टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या डॉक्टरांनी याच दिशेने जाऊन डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, तेही तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने. केवळ ती औषधे घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते, तर निवोलुमॅबची जोड मिळालेल्यांत ते ४३.४ टक्के झाले. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखूने ज्या देशात तोंडाचे कर्करोग इतके वाढवले आहेत, तिथे हा फरक किरकोळ नव्हे.

अर्थात, या चाचणीत २० मिलिग्रॅमची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती. त्यामुळे दोन्ही मात्रा सारख्याच, असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय रक्तातल्या पेशींवरच्या जागा भरल्या म्हणून गाठीच्या आतल्या पेशींवरच्याही भरल्या, असे गृहीत धरणे घाईचे ठरेल. अशा तुलनेचा खर्च औषध कंपनी आपणहून उचलेल, असे मला वाटत नाही (कमी विकले जावे म्हणून कोण पैसा ओतेल?), ती सार्वजनिक निधीतूनच व्हायला हवी.